अन्वरी आणि परकी वेल

उम्म अल कुवैनच्या जुन्या वस्तीत अन्वरीचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होते ते तिचे हात. "ती हर्णैवाली, मण्यांची," एवढं म्हटलं की कुणीही तिच्या दारापर्यंत आणून सोडी.

मण्यांचा नाद तिला शाळेत लागला. हर्णैच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला उर्मिलाबाई मोतीकाम शिकवत. बाकीच्या मुली कसाबसा एक पोपट पुरा करायच्या आणि सुटायच्या. अन्वरीनं पोपट केला, मग मोर केला, मग कुणी सांगितलं नसताना खाडीतला बगळा केला. बगळा तर पांढराच, त्यात काय दिसणार, असं बाई म्हणाल्या. पण पोरीनं चार तऱ्हेचे पांढरे मणी असे काही लावले होते, की पंखांवर ऊन पडल्यासारखं वाटे.

लग्न होऊन ती खैरुद्दीनबरोबर आखातात आली. खैरुद्दीन सुतारकामाच्या एका कारखान्यात फोरमन होता. दुबईत जे टॉवर चढत होते त्यांचे दरवाजे तिथे बनत. "सिलिकॉन ओएसिसमधल्या अख्ख्या एका टॉवरचे दरवाजे माझ्या हाताखालून गेलेत," असं तो पाहुण्यांना हमखास सांगे. अन्वरी घरबसल्या अबायांवर, म्हणजे बायकांच्या पायघोळ काळ्या झग्यांवर, मणीकाम करायची. काम आणून द्यायचा बदरुद्दीन. तो श्रीवर्धनचा, इंडस्ट्रियल एरियात त्याचं अबाया शिवण्याचं छोटं वर्कशॉप होतं. ईदच्या आधी तर अन्वरीला मान वर करायला फुरसत नसे. मुलगी नबिला शाळेतून आली की आईच्या चटईवरचे मणी तिच्या मोज्यांना चिकटत आणि शाळेपर्यंत जात.

दोन हजार आठ सालचा हिवाळा आला आणि हे सगळं बसलं. आधी बातम्या अमेरिकेच्या होत्या, तेव्हा खैरुद्दीन टीव्हीसमोर चहा पीत म्हणायचा, "त्यांच्या बँका बुडाल्या, आपल्याला काय?" मग दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. तयार दरवाजे कारखान्याच्या आवारात उन्हात थप्प्या लागून पडले. ते ज्या चौकटींत बसायचे त्या इमारतीच थांबल्या होत्या. एका दुपारी खैरुद्दीन जेवायच्या वेळेला घरी आला. त्यानं बूट काढले, पण डबा खाली ठेवला नाही.

"आज लौकर?" अन्वरीनं विचारलं.

"खलास," तो म्हणाला. "एचआरनं बोलावलं होतं. सगळ्या शिफ्टला."

नोकरी गेली की व्हिसा गेला. खैरुद्दीनच्या व्हिसावर अन्वरी आणि नबिला. महिन्याभरात दुसरा कुणी मालक मिळाला नाही तर तिघांनाही गाशा गुंडाळायला लागणार होता. शेजारची तीन घरं अशीच रिकामी झाली होती. जाताना लोकांनी फ्रीज, पलंग, मुलांच्या सायकली जिन्याखाली ठेवून दिल्या होत्या. घ्यायला मात्र कुणी उरलं नव्हतं.

तेव्हा बदरुद्दीन आपण होऊन आला. "भाबी, वेळ सगळ्यांवर आलीय," तो म्हणाला. "पण हर्णै आणि श्रीवर्धन काय लांब आहे? खैरुद्दीनला मी माझ्या वर्कशॉपच्या लायसन्सवर घेतो, व्हिसा होईल. व्हॅन चालवील. फोरमनचा रुबाब मिळणार नाही, पण कागद तर सरळ राहतील."

खैरुद्दीननं मान खाली घालून हो म्हटलं. अन्वरीनं त्या दिवशी बदरुद्दीनला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. पुढे कित्येक दिवस नमाजाच्या शेवटी दुवा मागताना ती त्याचंही नाव घ्यायची.

पण अबायांचं काम काही वाढेना. बायका साध्या काळ्या अबाया घेऊ लागल्या. अशा वेळी, दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात, बदरुद्दीन एक पाकीट घेऊन आला. त्यात रंगीत फोटो होते.

"हे जमेल का, भाबी? दुबईच्या देरा बाजारातला एक एजंट मागतोय. माल जमला तर वर्षभर काम आहे."

फोटो एका पिशवीचे होते. अन्वरीनं अशी पिशवी जन्मात पाहिली नव्हती. खांद्यावरून तिरका छातीवर घ्यायचा पट्टा वीतभर रुंद, पिशवीपेक्षा पट्टाच मोठा. काळं मखमली कापड, आणि त्यावर वेलच वेल. पानं, कळ्या, लाल बोरं, निळी फुलं. सगळं बारीक पोतमण्यांचं. खाली लोकरीचे गोंडे. फोटोखाली इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. अन्वरीनं अक्षरं जुळवून वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"हे कुठलं काम?"

"अमेरिकेचं. रेड इंडियन असतात ना, त्यांचं."

पहिली पट्टी तिनं अबायाच्या टाक्यानं भरली. ती उठून दिसेना, फुगल्यासारखी दिसे. तिनं उसवली. पुन्हा भरली, पुन्हा उसवली. फोटो डोळ्यांजवळ धरून ती बघत बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की ही पिशवी भरणाऱ्या बाईनं दोन सुया चालवल्यात. एका सुईच्या दोऱ्यात मण्यांची ओळ, आणि दुसरी सुई मागून येऊन त्या ओळीला दोन-दोन मण्यांवर टाचत जाते. त्यामुळे ओळ कापडावर नदीसारखी वळते. पानंसुद्धा तिनं आडव्या रेषांनी भरली नव्हती. आधी कडेची ओळ, मग तिच्या आत तिच्याच वळणाची दुसरी, असं करत मधल्या शिरेपर्यंत.

हे उमगलं त्या दुपारी अन्वरीनं एकटीनंच "आत्ता गं बाई!" असं म्हटलं. त्या वाईट वर्षात कामाच्या या दुपारीच तेवढ्या तिला बऱ्या गेल्या. नवरा व्हॅनवर, मुलगी शाळेत, एसी घुरघुरतोय आणि मांडीवर वेल वाढतेय. तिला ती पिशवी भरणाऱ्या बाईशी बोलल्यासारखं वाटे. एका पानाचा अर्धा भाग गर्द हिरवा होता आणि अर्धा पोपटी. अन्वरीनं ते पाहिलं आणि मनाशी म्हटलं, इथं हिचे मणी संपले असणार. तिनं आपल्या पिशवीतही ते पान तसंच ठेवलं.

एकच गोष्ट तिला कळेना. फोटोतल्या पिशवीला तोंड नव्हतं. कप्पा सगळीकडून शिवलेला. "यात ठेवायचं काय?" तिनं बदरुद्दीनला विचारलं.

"आपल्याला काय करायचंय? झिप लावून टाका. टुरिस्ट मोबाइल ठेवतील."

तिनं झिप लावली.

माल एजंटला पसंत पडला. बदरुद्दीनच्या चेहऱ्यावर रंग आला. अन्वरीच्या हाताखाली बिलकीस आणि शहनाझ अशा वस्तीतल्या दोघी आल्या. तिनं त्यांना दोन सुयांचं काम शिकवलं. व्हॅनमधून मखमल यायची आणि पिशव्या जायच्या. एकदा तयार पिशव्यांना लावायची लेबलं घरीच आली. नबिला तेव्हा अकरावीत होती. तिनं एक लेबल उचलून वाचलं.

"अम्मी, इट सेज, हँडमेड बाय नेटिव्ह आर्टिस्ट्स."

"मग? हातानंच करतोय ना आपण?"

"बट यू आर नॉट नेटिव्ह."

"नेटिव्ह म्हणजे आपलं गावच ना गं? सगळे विचारतात, तुमचं नेटिव्ह कुठलं. माझं हर्णै."

नबिला हसली नाही. "नॉट दॅट नेटिव्ह. धिस मीन्स देअर पीपल मेड इट. अम्मी, इट्स अ लाय."

खैरुद्दीन आतून म्हणाला, "लेबल लिहिणारा एजंट. पाप त्याच्या माथी. तू सुई चालव."

अन्वरीनं सुई चालवली. पण त्या दिवसापासून लेबल लावायचं काम तिनं शहनाझकडे दिलं. आपण लावलं नाही म्हणजे आपलं नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

थंडीत अबू धाबीजवळ खलिफा सिटीतल्या एका शाळेच्या मैदानावर बाजार भरायचा होता. बदरुद्दीननं तिथे एक टेबल घेतलं. अन्वरीला बरोबर नेलं, कारण कुणी समोर बसून मणीकाम करत असलं की गोरे लोक थांबतात. तिनं मात्र अबायाची बाही भरत बसायचं होतं. पिशव्या "अमेरिकेहून आलेल्या" होत्या ना.

दुपारी एक बाई टेबलाशी येऊन उभी राहिली. सावळी, रुंद चेहऱ्याची, पाठीवर करडी वेणी. अन्वरीला ती आधी फिलिपिनो वाटली. बाईनं पिशवी उचलली. पट्टा तळहातावर पसरला, बोटानं वेलीच्या मागून मागून गेली, आणि त्या अर्ध्या पोपटी पानाशी थांबली. मग तिनं पिशवी उलटी केली आणि झिप पाहिली. तिचा चेहरा पाहून अन्वरीच्या हातातली सुई थांबली.

"ही कुठून आणली?" बाईनं इंग्रजीत विचारलं.

"ओरिजिनल, मॅडम. फ्रॉम अमेरिका. रेड इंडियन मेड," बदरुद्दीन म्हणाला.

बाईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती अन्वरीच्या बोटांकडे पाहत होती. "तू केलीस?"

बदरुद्दीन खाकरला. अन्वरीला एवढं इंग्रजी समजत होतं. तिला व्हिसा दिसला, नबिलाची शाळा दिसली, व्हॅनच्या सीटवर पाठ वाकवून बसलेला खैरुद्दीन दिसला. "नो, मॅडम," ती म्हणाली. "अबाया ओन्ली."

बाईनं पिशवी खाली ठेवली. फेकली नाही, पट्टा नीट दुमडून, फुलं वर येतील अशी ठेवली. आणि निघून गेली.

अन्वरीला नंतर एकही टाका धड पडेना. आपल्या हातच्या कामाला तिनं आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. बाजार उठायच्या बेताला ती पाणी प्यायला म्हणून शाळेच्या इमारतीत गेली, तर तीच बाई व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली. ती त्या शाळेत शिकवत होती. अन्वरी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. पुढे काय बोलायचं ते इंग्रजीत येईना.

"मॅडम. आय मेक," एवढंच ती म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले.

बाईनं त्या बोटांवरचे सुईचे घट्टे पाहिले. मग तिनं एका कागदावर घराचा पत्ता लिहिला. "फ्रायडे," ती म्हणाली. "कम."

शुक्रवारी अन्वरी नबिलाला घेऊन गेली. उम्म अल कुवैनहून दुबई, दुबईहून अबू धाबी, तिथून टॅक्सी. खैरुद्दीनला तिनं सांगितलं की एक मॅडम काम दाखवणार आहेत. ते खोटंही नव्हतं.

बाईचं नाव डेल्फीन. एका व्हिलाच्या मागच्या भागात ती एकटीच राहत होती. ती ओजिब्वे होती, अमेरिकेतल्या मूळ जमातींपैकी एक. अमेरिकेच्या उत्तरेला, तळ्यांच्या मुलखात तिचं गाव. तिनं चहा केला, पण हसली नाही. टेबलावर एक कापड उलगडलं. त्यात काळ्या मखमलीवर अर्धी भरलेली पिशवी होती. अन्वरी पुढे वाकली. वेल त्याच घराण्यातली, पण फुलं निराळी.

डेल्फीन बोलत गेली आणि नबिला जमेल तसं मराठीत सांगत गेली. या पिशवीला तिकडे बँडोलियर पिशवी म्हणतात. ती बायका भरतात आणि बहुधा पुरुष अंगावर घेतात, नाचाच्या वेळी, मानाच्या वेळी. एक पिशवी भरायला वर्षही जातं. आपल्या माणसाला द्यायची, नाहीतर पाहुण्या टोळीला भेट करायची. एकेकाळी एका पिशवीच्या बदल्यात घोडा मिळे, असं म्हातारी माणसं सांगत. डेल्फीन ही पिशवी आपल्या भाच्यासाठी करत होती. येत्या उन्हाळ्यात तो पहिल्यांदा रिंगणात नाचणार होता.

"तोंड का नसतं?" अन्वरीनं विचारलं. तिला राहवलं नाही.

नबिलानं विचारलं. डेल्फीनच्या ओठांवर पहिल्यांदा जराशी हालचाल झाली. "काहींना असतं. काहींना नसतं. त्यात काही ठेवायचं नसतं. ती काही सामान ठेवायची पेटी नाही. ती म्हणजे, मी कोण आहे, हे."

मग ती फोटोतल्या पिशवीबद्दल बोलली. ती पिशवी एका म्युझियममध्ये काचेमागे आहे. तिनं लहानपणी ती पाहिलेली. कुणी केली ते लिहिलेलं नाही. जिनं केली तिचं नाव कुणी विचारूनच ठेवलं नाही. ती पिशवी झाली त्यानंतरच्या काळात तर सरकारनं तिथल्या पोरांना घरापासून लांबच्या शाळांत नेलं. डेल्फीनच्या आजीला आपली भाषा बोलली म्हणून मार मिळे. सुट्टीत घरी आल्यावर ती मावशीकडून लपूनछपून हे मणीकाम शिकली. "आता ते दुकानात मिळतं," डेल्फीन म्हणाली. "लेबल लावून. आमच्या नावानं. आमच्या बायका वर्षभर बसून एक पिशवी करतात, आणि शेजारच्या दुकानात तशीच दिसणारी टांगलेली असते. तिकडे त्याविरुद्ध कायदासुद्धा आहे. पण पकडणार कोणाला?"

अन्वरीनं नबिलाला सांगितलं, "म्हणावं, ते अर्धं पान. हिरवे मणी संपले म्हणून तिनं पोपटी घेतले, असं मला वाटलं होतं."

डेल्फीननं ऐकून घेतलं. "असेल," ती म्हणाली. "किंवा तिला तसंच आवडलं असेल. आम्हालाही माहीत नाही. ते तिचं तिला माहीत."

निघताना अन्वरीनं दोन्ही हात जोडल्यासारखे केले आणि "सॉरी" म्हटलं. डेल्फीननं नबिलाकडे वळून सावकाश सांगितलं, "तुझ्या आईला सांग, मी रागावलेली आहे. तिच्यावर एकटीवर नाही, पण तिच्यावरही. तिचे हात फार चांगले आहेत, म्हणून जास्त."

बसमध्ये नबिलानं हे शब्द न शब्द सांगितलं. अन्वरी खिडकीबाहेर बघत राहिली. दुबईच्या हद्दीत अर्धवट इमारती उभ्या होत्या, वरच्या मजल्यांना भिंतीच नाहीत.

दोन दिवस ती मखमलीला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी खैरुद्दीननं विचारलं आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तू काम सोडणार?"

"लेबल काढा म्हणेन. नाही काढलं तर सोडेन."

"आणि बदरुद्दीननं मला सोडलं तर?" खैरुद्दीनचा आवाज चढला. "कुणाची कोण ती. तिच्या खापरपणजीची अब्रू तुला मोठी झाली, माझी नाही? मी फोरमन होतो, आता कपड्यांची बोचकी उचलतो. कशासाठी? तुम्ही दोघी इथं राहाव्यात म्हणून!"

अन्वरी म्हणाली, "तुमची अब्रू मला दिसते. रोज दिसते. पण तिथं मी माझ्याच हातांना नाही म्हटलं हो. माझ्याच्यानं पुन्हा ते होणार नाही."

बदरुद्दीननं तिचं बोलणं शांतपणे ऐकलं. तो वाईट माणूस नव्हता. वर्कशॉपमधली अर्धी मशिनं झाकलेली होती आणि एका कोपऱ्यात तो स्वतःच बटणं लावत बसला होता.

"भाबी, लेबल काढलं तर माल घेणार कोण? हर्णैच्या बाईनं केलेली रेड इंडियन पिशवी, असं लिहू?"

"तसंच लिहा. खरं आहे ना?"

तो खिन्नपणे हसला. "तुम्ही नाही केल्या तर बिलकीस करील. तुम्हीच शिकवलंयत. थांबणार काहीच नाही, फक्त तुमचं घर थांबेल. विचार करा. मी धमकी देत नाही. पण माझ्याकडे माल नसेल तर व्हॅन कशाला आणि व्हॅनला ड्रायव्हर कशाला?"

"मला ठाऊक आहे," अन्वरी म्हणाली. "तुमचे उपकार मी विसरलेली नाही, बदरुद्दीनभाई."

"उपकार जाऊ द्या," तो म्हणाला आणि पुन्हा बटणाकडे वळला.

तो म्हणाला होता तसंच झालं. बिलकीसनं काम घेतलं. तिच्या हाताला तेवढी सफाई नव्हती, पण एजंटला सफाईचं काय? रस्त्यात भेटली की बिलकीस खाली बघून जायची. आणि व्हिसाच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा बदरुद्दीननं खैरुद्दीनला बोलावून सांगितलं, की माल निम्म्यावर आलाय, आता जमणार नाही.

ते आठवडे घरात भांड्याला भांडंसुद्धा लागत नसे, इतकी शांतता होती. खैरुद्दीन सकाळी निघायचा आणि संध्याकाळी यायचा. कुठं जातो ते सांगायचा नाही. शेवटी अजमानच्या खाडीवर लाकडी होड्या दुरुस्त करणाऱ्या एका बलुची म्हाताऱ्यानं त्याला घेतलं. फोरमन नाही, साधा सुतार. दिवसभर उन्हात होडीच्या पोटाखाली उताणं पडून फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा. हर्णैला त्याच्या बापानं आयुष्यभर हेच काम केलं होतं, आणि त्यातून सुटायला म्हणून तर तो आखातात आला होता.

अजमानला एका खोलीत बिऱ्हाड गेलं. तिघांचा खर्च त्यात बसेना. नबिलाला बारावीसाठी रत्नागिरीला आत्याकडे, मरियमबीकडे पाठवायचं ठरलं. शारजाच्या विमानतळावर पोरगी आईच्या गळ्यात पडली. "अम्मी, आय डिडन्ट मीन धिस," ती रडत म्हणाली. "मी फक्त लेबल वाचलं होतं." इतक्या वर्षांत ती आईशी पहिल्यांदा मराठीत रडली.

"तू खरं वाचलंस," अन्वरी म्हणाली. "वाचत राहा."

पण परतीच्या बसमध्ये तिला स्वतःचाच राग आला. खरं बोलले मी, आणि घर सुटलं पोरीचं. हे कुठल्या हिशेबात बसतं, ते तिला त्या दिवशी कळलं नाही. पुढेही कळलं नाही.

एप्रिलमध्ये डेल्फीनचा फोन आला. शाळेच्या जिन्यावरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं होतं. भाच्याची पिशवी अर्धीच होती. "फुलं माझी मी करीन, कितीही वेळ लागो," ती म्हणाली. "पण कडेची पांढरी ओळ आणि अस्तर. ते तू करशील का?"

मग अन्वरी शुक्रवारी खलिफा सिटीला जाऊ लागली. दोघी एका टेबलाशी बसत. डेल्फीन डाव्या हातानं एकेक मणी सुईवर घेई, चुके, आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटे. अन्वरी कडा भरी. फुलांना तिनं हात लावला नाही, आणि डेल्फीननंही तसं कधी सुचवलं नाही. बोलणं थोडंच व्हायचं. एकदा डेल्फीननं विचारलं, मुलगी कुठे आहे, ती आता का येत नाही? अन्वरीनं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. डेल्फीनची सुई थांबली. ती उठून खिडकीपाशी गेली. परत येऊन तिनं अन्वरीचा कप भरला. "तुझ्याकडून एवढं मागितलं नव्हतं मी," ती म्हणाली.

"नो," अन्वरी म्हणाली. "यू नॉट आस्क. आय डू."

पिशवी जूनमध्ये पुरी झाली आणि डेल्फीन ती घेऊन सुट्टीवर गेली. नंतर तिनं फोटो पाठवला: उंच, लाजरा पोरगा, छातीवर पिशवी. त्यानंतरच्या वर्षी तिचं कंत्राट संपलं आणि ती कायमची परत गेली. अन्वरीला ती कधी मैत्रीण म्हणाली नाही. पण जायच्या आधी तिनं आपल्या दोन्ही सुया पाठवून दिल्या, त्यांच्याबरोबर काही चिठ्ठी नव्हती.

दोन हजार अकरामध्ये बदरुद्दीनचं वर्कशॉप बंद पडलं. एजंटनं काम आखाताबाहेर दुसरीकडे कुठेतरी, आणखी स्वस्तात, हलवलं होतं. श्रीवर्धनला जायच्या आधी तो अजमानच्या खोलीवर निरोप घ्यायला आला. केस बरेच पांढरे झाले होते. खैरुद्दीन कामावरून नुकताच आला होता, हातांना डांबर लागलेलं. दोघे पुरुष एकमेकांच्या तब्येती विचारत बसले. अन्वरीनं चहा आणला.

"नबिला काय करते?" बदरुद्दीननं विचारलं.

"कॉलेजात आहे. रत्नागिरीलाच," अन्वरी म्हणाली. "इथं यायचं नाही म्हणते."

बदरुद्दीननं मान हलवली. कप तसाच हातात धरून तो म्हणाला, "भाबी, तुमचं बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही."

"मीसुद्धा म्हणत नाही," अन्वरी म्हणाली.

खैरुद्दीननं बशी बदरुद्दीनपुढे सरकवली. "चहा घ्या, भाई. गार होतोय."